राइलीच्या खांद्यावर झोपलेले गृहस्थ

आमच्या खालच्या मजल्यावरच्या राइली ह्युट्टिनेन स्वभावाने इतक्या भिडस्त, की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर माफी त्याच मागतात. हेलसिंकीत आम्ही सगळेच अनोळखी माणसाला त्रास नको म्हणून जपतो. पण राइलीबाईंची तऱ्हा वेगळीच.

त्या शनिवारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, तेर्त्तूचा, सत्तरावा वाढदिवस होता. तिच्या घरी मलाही बोलावणं होतं. पाव आणि माशाचे थर लावलेला भलामोठा खारा केक मांडीवर घेऊन राइलीबाई ट्रॅममध्ये बसल्या. हाकानिएमीच्या थांब्यावर एक टापटीप गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि दोन मिनिटांत त्यांच्या खांद्यावर मान टाकून घोरू लागले.

तेर्त्तूचा थांबा आला. गेला. ही ट्रॅम शहराला गोल चक्कर मारते. थोड्या वेळाने फोन वाजला.

"कुठे कडमडलीस गं?"

"ताई, हळू बोल. माझ्या खांद्यावर एकजण झोपलेत."

"कोण?"

"काय माहीत! ओळख कुठे झालीय?"

"मग हलव की त्याला!"

"असं कसं? किती दमलाय बिचारा! पुढच्या फेरीला उतरते."

पुढच्या फेरीलाही उतरल्या नाहीत. आता ड्रायव्हरबाई वळणं अलगद घेऊ लागल्या. समोरच्या आजोबांनी केक स्वतःच्या मांडीवर घेतला, कारण राइलीबाईंच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

तिसऱ्या फेरीला मात्र तेर्त्तू आम्हा सात पाहुण्यांना, बशांना आणि कॉफीच्या थर्मासला घेऊन थांब्यावर उभी होती. आम्ही सगळे आत चढलो.

"सत्तर वर्षांत पहिल्यांदाच माझा वाढदिवस मला शोधत फिरावं लागतंय!" ती पुटपुटली.

आम्ही वाढदिवसाचं गाणं कुजबुजत म्हटलं. केक कापला. गृहस्थांचं नाक हललं आणि डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "माफ करा, कडेचा तुकडा मिळेल का?"

"अहो! म्हणजे तुम्ही जागे आहात?" तेर्त्तू ओरडली.

गृहस्थ लालेलाल होऊन ताठ बसले. नाव ओइवा लांपेला, काम पियानो सुरात लावण्याचं. "पहिल्याच फेरीत जाग आली. पण बाई फोनवर इतक्या मायेने 'दमलाय बिचारा' म्हणाल्या, की मग लगेच उठणं बरं दिसेना."

"दीड तास?"

"वाट बघत होतो. त्याच जरा हलतील म्हणून."

"खांदा टोचला नाही ना?" राइलीबाईंनी काळजीने विचारलं.

"थोडा टोचला," ओइवा प्रामाणिकपणे म्हणाले. "हाडकुळा आहे."

तेर्त्तू पोट धरून हसली आणि तिने त्यांना दंडाला धरून ट्रॅममधून उतरवलं आणि घरी नेलं. नको म्हणणं त्यांना जमलं नाही. रात्री आठपर्यंत ते सोफ्याच्या टोकावर बसून होते. शेवटी तेर्त्तूनेच त्यांचा कोट आणून हातात दिला.

"आभारी आहे," ते मनापासून म्हणाले. "साडेपाचपासून विचार करतोय, निघायचं कसं!"