चुन्याआडचा चौकोन

"चुना ओला हाय तवर चूक दिसत न्हाय," लडकू एकदा म्हणाला होता. तेव्हा तो फक्त भिंतीबद्दल बोलत होता.

अंजूरला दोन गोदामांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याच्या बापाचं शेतावरचं घर उरलं होतं. भोवतालची जमीन थोरल्या भावानं, दौलतनं, गोदामांना विकली. घर कुणी मागितलं नाही, म्हणून राहिलं. काही वर्षं हमाल त्यात राहिले आणि आढं काळं करून गेले. मग खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं भिंती सोलायला घेतल्या.

लडकू पूर्णा गावच्या गोदामात ट्रकांची सीलं तपासायच्या ड्युटीवर होता. वय बावन्न, मूलबाळ नाही. बायको, चंद्रा, किडनीच्या आजारानं सात महिने अंथरुणात होती. नातेवाईक दारातून विचारपूस करून जात. तिची घाण काढली ती टेमघरच्या प्रार्थनेच्या खोलीतल्या दोन बायकांनी, ज्यांची तिच्याशी ओळखही नव्हती. ती गेल्यावर लडकू त्या खोलीत जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसला. पुढच्या रविवारी परत गेला. दीड वर्षानं त्यानं बाप्तिस्मा घेतला.

घर उभं करायचं त्यानं त्याच सुमारास मनावर घेतलं. कारण त्याची आई, जानकीबाई. ती दौलतकडे टेमघरला तिसऱ्या मजल्यावर राहत होती. डोळे पार गेले होते. तिला शेवट शेतावरच्या घरात हवा होता. लडकूनं तिला शब्द दिला. दौलत हसला. "तुझा येशू सुतार होता ना, लडक्या? मग वासे त्यालाच लावू दे."

वासे सावळारामनं लावले. तो गवंडी, आणि प्रार्थनेची खोलीही तोच चालवायचा. चुना भिजत कसा घालायचा, गाळायचा, किती दिवस मुरू द्यायचा, हे त्यानं लडकूला शिकवलं. शिफ्ट संपली की लडकू थापी घेऊन भिंतीसमोर उभा राही. गिलावा ओढताना आदल्या रविवारी ऐकलेलं बायबलातलं वचन पुटपुटे. त्याचा बराचसा विश्वास असा त्या भिंतींसमोर वाढला, आणि सरळ वाढला असं त्याला वाटत होतं.

माजघराच्या भिंतीत देवांचा कोनाडा होता. त्यात चांदीचे तीन टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकून काढलेल्या लहान मूर्ती. दोन कुळाच्या देवांचे. तिसरा बापाचा. गेलेल्या माणसाचा टाक करून देवांत बसवायची त्या घरातली रीत. बाप गेला तेव्हा जानकीबाईनं पायातली जोडवी काढली, सोनाराला दिली, आणि त्याच चांदीचा नवऱ्याचा टाक करून घेतला. हमाल राहत होते तेव्हाही तो कोनाडा तिनं फळी ठोकून बंद ठेवला होता.

एका रविवारी बाहेरून आलेल्या प्रचारकानं सांगितलं, घरात मूर्ती ठेवणारा दोन दारांत उभा असतो. लडकू टाक रुमालात बांधून खाडीवर गेला. भरती होती. तो बराच वेळ उभा राहिला, पण त्याची मूठ उघडली नाही. घरात उघड्यावर ठेवणंही जमेना. शेवटी त्यानं ते रुमालासकट परत कोनाड्यात ठेवले, पुढं विटा रचल्या आणि वरून चुना ओढला. भिंत गुळगुळीत झाली. सावळाराम तेव्हा गावी लग्नाला गेला होता.

परत आल्यावर त्यानं भिंत पाहिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"आयशीला विचारलंस?"

लडकू थापीवरचा वाळलेला चुना नखानं खरवडू लागला.

"मग हा विश्वास न्हाय, लडकू. भीती हाय. फोड ती."

लडकूनं फोडली नाही. चुना वाळत गेला तसा नव्या विटांचा चौकोन भिंतीवर उमटला, बाकीच्या भिंतीपेक्षा काळसर आणि ओलसर. त्यानं वरून दोनदा सफेदी मारली. चौकोन पुन्हा आला. आईला दिसत नाही, हे त्यानं स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल ते त्यालाच माहीत.

घर पुरं झालं तशी जानकीबाई दौलतबरोबर दारात रिक्षातून उतरली. दौलतनं धरलेला हात तिनं सोडवून घेतला. चौकट चाचपली, पहिला खांब, दुसरा खांब. तिथून चार पावलं चालून तिनं तळवा भिंतीला लावला, बरोबर चौकोनावर. ओल लागली तसा हात थांबला. मग बोटं कडेकडेनं चारी बाजू फिरली.

"कोनाडा कुठं हाय?"

टाक दादाकडे दिलेत, लडकू म्हणाला. बाप्तिस्म्यानंतरचं त्याचं हे पहिलं खोटं, आणि दादा शेजारीच उभा होता. आईचा तळवा चौकोनावरून हलला नाही. दौलतनं टोमणासुद्धा मारला नाही.

लडकूनं कोपऱ्यातली छिन्नी उचलली. विटा अजून ओल्या होत्या, पटापट निघाल्या. रुमाल चुन्यानं कडक झाला होता. त्यानं तो सोडून तिसरा टाक आईच्या तळहातावर ठेवला. तिनं अंगठ्यानं त्यावरचा चुना पुसला. नाक, मिशी, फेटा ओळखला.

"बापसाला भिंतीत गाडलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मना कवा गाडणार होतास?"

फुटलेल्या कोनाड्याखाली, पडलेल्या चुन्यातच ती बसली. दौलतनं परत चल म्हटलं. तिनं मान हलवली.

"मी इथनं हलणार न्हाय. पण याच्या हातचं पानी मना नको."

लडकू तोवर आत जाऊन तांब्या भरून आला होता. दोन वर्षं या भिंतींसमोर त्याच्या तोंडी वचनं येत होती. आता एकही आलं नाही. त्यानं तांब्या दौलतच्या हातात दिला. घराची किल्ली खिशातून काढून आईच्या शेजारी जमिनीवर ठेवली. किल्लीच्या आवाजाकडे तिनं तोंड वळवलं.

तो उंबरा ओलांडून गोदामांच्या मधल्या वाटेनं चालू लागला. हात चुन्यानं पांढरे होते, ते त्यानं पुसले नाहीत.