मागच्या दारी आलेल्या मॅडम

ये मनू, जवळ बस. कागदातून का होईना, पण बस. मोबाईलवर अंगठा पाठवला की आजीला उत्तर दिलं, असं वाटतं होय तुला? दिवाळीत शाळेच्या जुन्या फोटोतल्या बाईंवर बोट ठेवून तू विचारलंस, "आजी, या कोण?" तशी तुझी आई अर्ध्या ताटावरून उठली आणि मी करंज्यांचा डबा उगाच उघडझाप करत बसले. तेव्हा बोलले नाही, ते आता लिहिते.

त्या प्रभा मॅडम. मूळच्या दौंडच्या, पण आमच्या कवठ्याच्या शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. कुणी हळहळलं की त्या आधी त्याचं इंग्रजी करायच्या. एकदा गिरणीत शेजारची कमल म्हणाली, "पाऊस यायच्या आत कांदा झाकाय पायजे व्हता वं." मॅडम दळणाचा डबा सावरत म्हणाल्या, "शुड हॅव कव्हर्ड. झालं. आता भिजलेला कांदा कुठं पसरायचा ते सांगा, मी येते." आणि आल्या की खरंच, पदर खोचून!

मी त्या शाळेत खिचडी शिजवायची. शिकले चौथी. चुलीची खोली वर्गाला लागून होती, मधे एक खिडकी; तिच्यातून येईल तेवढं इंग्रजी माझं. एक दिवस मॅडम पोरांना म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिलं नाही, पण झालंच असणार असा पक्का अंदाज आहे, असं वाक्य करा. मस्ट हॅव." पोरं एकेक चुकीचं वाक्य करत होती. मी खिडकीला कान लावून उभी. पाठीमागून वास आला, आणि तोंडातून निसटलंच, "खिचडी मस्ट हॅव बर्न्ड!" पोरं बाकं बडवून हसली. मॅडम म्हणाल्या, "आज पहिलं बरोबर वाक्य आलं. आता पातेलं उतरवा, ताई."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मला बसवून लिहायला शिकवू लागल्या. "चुकलं तर खोडू. कागदाला कुठं दुखतंय?" म्हणायच्या. पोरांना सांगायच्या, "माइट म्हणजे वाफ्यात टाकलेलं कांद्याचं बी. उगवेल, नाहीतर नाही. कुड हॅव म्हणजे पुडीतच राहिलेलं गेल्या सालचं बी. ते आता उगवत नाही." शेतकऱ्याच्या पोराला आणखी काय समजावायचं?

तुझी आई, माझी सुनीता, त्यांची लाडकी. बारावीला चांगले मार्क पडले. नर्सिंगचा फॉर्म मॅडमनीच आणला, सुनीताकडून भरून घेतला. फक्त पालकाची सही राहिली होती. मॅडम तिला म्हणाल्या, "तुझ्या आईशी मी येऊन बोलते. तू नुसती वाट बघ."

आणि नेमकं फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तुझ्या आजोबांनी कासुर्डीचे पाहुणे बोलावले, सुपारी फोडायला. आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग मोडलं तर दोन्ही घरांचं नाक कापलं जातं. ओसरीवर पाहुणे पानाचं तबक घेऊन बसलेले, आणि मागच्या दारी मॅडम. हातात फॉर्म, पेन टोपण काढून तयार.

"मॅडम, आज नगं. एवढं उरकू द्या, उद्या बगू."

"सुपारी फुटल्यावर उद्या कुठला, ताई? मला आत येऊन सुनीताला एकदाच विचारू द्या. ती नाही म्हणाली तर जाते."

मनू, मॅडम तरुणपणीच विधवा झालेल्या. हे मला त्याच घडीला आठवायचं होतं! मी दारात आडवी झाले आणि म्हणाले, "शुभकार्य चाललंय. तुमी आत नगा येऊ. तुमच्या कपाळाकडं बगून तरी समजून घ्या."

ज्या बाईनं माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तिला मी हे बोलले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या. आत तुझी आई नव्या साडीत बसलेली. मला विचारलं, "आई, मॅडम आल्या व्हत्या?"

मी म्हणाले, "न्हाई गं."

तेवढा एक शब्द. मॅडम आपल्याला विसरल्या, असं ती आजवर धरून चालली आहे. संसार चांगला केला तिनं, तुझे वडीलही भले माणूस. पण मॅडमचं नाव निघालं की ती उठते, ते तू पाहिलंसच.

मॅडम रिटायर होऊन दौंडला गेल्या. मी एकदा जाऊन आले. म्हणाले, "तवा तुमाला आत घ्याय पायजे व्हतं." मला वाटलं, याचंही इंग्रजी करतील. नाही केलं. चहाचा कप माझ्याकडं सरकवून एवढंच म्हणाल्या, "मला काय सांगता? सुनीताला सांगा." मी व्हय म्हणून उठले. एस.टी.त बसेपर्यंत धीर सरला होता.

गेल्या महिन्यात मॅडम वारल्या. कासुर्डीहून दौंड ते किती लांब? तुझी आई गेली नाही. तिला जाण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

हे तिला वाचून दाखवू नकोस. माझ्या तोंडून ऐकू दे, मग तिनं मला हवं ते बोलावं. येत्या रविवारी तिला घेऊन ये. कशाला म्हणून विचारेल, तर आजीनं बोलावलंय म्हण. पुढच्या रविवारावर टाकू नका, बाळ. लवकर या.