शेवंताची अलाइनमेंट

शेवंता चहात बिस्किट बुडवत नसे. पाना वापरला की पुसूनच ठेवत असे. गाडीखाली शिरण्याआधी बांगड्या कोपराकडे सारत असे. आणि अपमान तारखेसकट लक्षात ठेवत असे.

फरीदाबादच्या गॅरेजात ती गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून चाकांची अलाइनमेंट करायची, म्हणजे चाकांची दिशा मापून जुळवायची. मागच्या वर्षी ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानात मांडलेल्या शंकूंमधून गाडी पळवायच्या शर्यतीत, दिल्लीतल्या द्वारकेचा जयदीप तिने अलाइनमेंट केलेल्या गाडीत हरला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "ताई, हा दोरा गजरे ओवायला ठेवा." त्यानंतर शर्यतीची एकही गाडी तिच्याकडे आली नाही.

यंदा त्याने मशीनवर अलाइनमेंट करून घेतली, तर सरावात गाडी वळेचना. शर्यत बघायला आलेल्या शेवंताला त्याने गाठलं. "ताई, प्लीज यार, झालं गेलं विसरा. अर्धा तास उरलाय."

"बिल्कुल. आत बसा. चालवणाऱ्याच्या वजनासकट माप घ्यावं लागतं. हेल्मेट घाला आणि हलू नका."

तापलेल्या गाडीत तो पुतळ्यासारखा बसला. तिने पिशवीतला दोरा ताणून माप घेतलं, पान्याने डावं चाक केसभर बाहेर वळवलं आणि चाकाची दिशा धरून ठेवणारा नट आवळला. काम चोख होतं. मग उजवीकडचा नट सैल केला, हात पुसले आणि ती उठली.

"झालं, ताई?"

"उजवा नट सैल आहे. गाडी हलवलीत तर चाक भरकटेल."

"अहो, मग आवळा ना!"

भोंग्यावर जयदीपचा नंबर पुकारला गेला. शेवंता मेट्रोच्या वाटेला लागली होती. उजवं चाक तसंच राहिलं.