पत्रकावरचं नाव

माझी बायको नाटकात काम करणार, हे मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं खरं, पण मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती. इथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक. तालमी दर शनिवारी दुपारी राजाजीनगरला, आणि आम्ही राहतो हेब्बाळला. मुख्य भूमिका हिची, संसार सोडून निघणाऱ्या बाईची. पुण्याहून बदली झाल्यापासून तीन वर्षं ती घरातच होती. आता शनिवार आला की आमटी-भात झाकून, केस मोकळे सोडून बाहेर पडायची. केस मोकळे कशाला, असं मी एकदा विचारलंच.

‘भूमिकेसाठी,’ ती म्हणाली.

दिग्दर्शकाचे मेसेज यायचे. तो दाढीवाला, बिनलग्नाचा. मी तिचा मोबाइल उचलून बघत नव्हतो, पण तो कुठे पालथा पडलाय हे मला नेमकं ठाऊक असायचं.

एका शनिवारी ती गेल्यावर मंडळाच्या ग्रुपवर नाटकाचं पत्रक आलं. नुसती नावं होती, आडनावं नव्हती. मुख्य भूमिकेपुढे भलत्याच बाईचं नाव. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण डोकं इतकं तापलं होतं की कुठे ते आठवेना. पत्रक बोटांनी मोठं करून तीनदा वाचलं. माझ्या बायकोचं नाव कुठेच नव्हतं, चहापानाच्या व्यवस्थेतसुद्धा. म्हणजे ही नाटकात नाहीच. मग दोन महिने शनिवारी जाते कुठे? फोन लावला तर बंद.

हिला आज रंगेहाथ पकडायचं, असं ठरवून मी रिक्षा केली. वाटेत सिग्नलवर सिग्नल. मी चुळबुळ करतोय बघून रिक्षावाला जरा थांबा असं कानडीत म्हणाला, ‘स्वल्प वेट माडी, सर.’ सगळं शहरच हिला सामील आहे असं मला वाटू लागलं.

हॉलच्या दारात बेळगावकडचे एक काका खुर्ची टाकून बसले होते. आधी खरी नायिका गाठावी म्हणून मी पत्रकावरचं ते नाव घेऊन विचारलं, ‘या बाई आल्यात का?’

‘त्या व्हय? आत हाईत की. सरी, जावा आत. चपला तेवढ्या इथंच काढा.’

आत मागच्या रांगेत अंधारात बसलो. दिग्दर्शक त्याच नावाने हाक मारून ओरडला, ‘आवाज वर! पुन्हा एकदा!’ मी ती बाई शोधत होतो. हाकेसरशी वळली ती माझी बायको. रंगमंचावरच्या नवऱ्याला म्हणाली, ‘भाजीत मीठ कमी झालं की तुम्हाला लगेच कळतं. मी कमी होत गेले, ते कळलं का?’

तेव्हा मला आठवलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. तिचं आधीचं नाव आमच्या एका काकूचंही होतं. घरात घोटाळा नको म्हणून आईने दुसरं सुचवलं आणि मी कौतुकाने गिरवलं. माहेरी तिला सगळे लाडाच्या नावानेच बोलावतात. खरं नाव तिचं म्हणून अठरा वर्षांत माझ्या कानावर पडलंच नव्हतं. मी दारात जिची चौकशी केली होती, त्या बाईचं नाव मीच पुसलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

परतताना रिक्षात मी विचारलं, ‘मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर तू हो तरी म्हणाला असतास, नाही तर नाही. मला दोन्ही नको होतं.’

ती बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर चाळताना मी सवयीने हाक मारली. स्वयंपाकघरातून रोजच्यासारखं ‘हं’ आलं. मग घसा साफ करून, चाचरत, मी ते पत्रकावरचं नाव घेतलं.

आतला नळ बंद झाला.

‘ओ!’ ती म्हणाली, आणि हात न पुसताच दारात येऊन उभी राहिली.