पाचव्या मजल्यावरचं पाणी

देवाशी माझं बोलणं बंद होतं. अकोल्यात माझा जुन्या बारदान्याचा धंदा आहे. डाळ मिलमधून रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची, निवडून पुन्हा विकायची. पोरवयात हीच पोती मी डोक्यावर वाहिली आहेत, त्यामुळे भाव कसा करायचा हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. आवाज चढवला की समोरचा खाली येतो आणि एकदा ठरलेली गोष्ट दोन्ही बाजूंनी पाळायची असते, एवढंच मला कळत होतं. बायको आजारी पडली तेव्हा आमच्या ग्रामदैवताशी, राजेश्वराशी, मी असंच ठरवून घेतलं. माझी बाजू मी पाळली. त्याने पाळली नाही. श्रावण संपता संपता ती गेली. तेव्हापासून जठारपेठेतल्या आमच्या घरचा देव्हारा भावजय येऊन पुसते, मी तिकडे पाहत नव्हतो. कोणी 'देवाची मर्जी' म्हटलं की त्याचा चहा अर्धा राहायचा आणि त्याला उठावं लागायचं.

माझी एकुलती एक मुलगी स्नेहल विशाखापट्टणमला असते. जावई आपल्याकडच्याच नांदगाव खंडेश्वरचे, विशाखापट्टणमच्या बंदरात नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी रीत आहे, पण तिचं माहेर म्हणजे आता एक तापट म्हातारा आणि बंद स्वयंपाकघर. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मी तिकडं येऊन काय करू? तुमीच या." म्हणून डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा घेऊन मी गेलो. नात झाली. माणसं माझं अभिनंदन करत होती आणि मला एकच गोष्ट सलत होती, की जिने हे पोर मांडीवर घेऊन न्हाऊ घालायचं ती नाही. त्याच आठवड्यात वादळ आलं.

वादळाचं मी सांगत नाही. ते एका दिवसात येऊन गेलं. खरा त्रास त्याच्या मागून आला. सकाळी खिडकीतून पाहिलं तर शहरात सावली म्हणून उरली नव्हती. झाडं मुळासकट आडवी, जी उभी होती त्यांना एक पान नाही. समोरची हिरवी टेकडी विस्तव फिरवावा तशी तपकिरी झालेली. वीज गेली तशी लिफ्ट गेली, पंप गेला, फोन गेला. दिवसभर लाकूड कापायच्या यंत्रांचा आवाज, गच्च्यांवर भिजलेल्या गाद्या आणि खालून येणारा कुजक्या मासळीचा वास. जनरेटर असलेल्या दुकानासमोर माणसं फोन चार्ज करायला रांगेत उभी राहायची. पलीकडच्या वस्तीत दिवे आले, की आमच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येऊन नुसत्या बघत राहायच्या. जावयांना बंदरावरून सोडत नव्हते. दोन दिवसांआड तासभर येऊन जायचे, उभ्याउभ्या जेवायचे. घर पाचव्या मजल्यावर, आणि घरात मी, अंगात ताप असलेली बाळंतीण आणि ते पोर.

पोराला जुलाब सुरू झाले. तापाने स्नेहलचं दूध आटलं होतं. दवाखाना खच्चून भरलेला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं आणि सांगितलं, आईचं मिळेल तेवढं पाजा, बाकी पावडरचं दूध द्या, पण पाणी उकळलेलं, भांडी उकळलेली. लघवी होते का त्यावर लक्ष ठेवा, दिवसभरात नाही झाली तर ताबडतोब घेऊन या. आम्ही भरून ठेवलेलं पाणी कपडे धुण्यात आणि संडासात गेलं. एका सकाळी स्नेहलने पिंपात तांब्या घातला तो खडखडला.

"बाबा, पानी सरलं," ती म्हणाली. "हिनं सकाळपासून दुपटं ओलं नाही केलं. आता कसं करू, सांगा."

मी दोन प्लास्टिकचे डबे घेऊन खाली उतरलो. कोपऱ्यावर टँकर आला होता आणि रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. मी जन्मात कधी अशा रांगेच्या शेवटी उभा राहिलो नाही. सरळ पुढे गेलो आणि आवाज चढवला. "मेरे घर में छोटी बच्ची है, पहले मेरा भरो." रांगेतला एक माणूस शांतपणे म्हणाला, "इधर सबके घर में कोई तो है." मी त्याला ढकललं. मग टँकरवाल्याला नोट दाखवली. त्याने ती घेतली, उजेडाला धरली आणि परत माझ्या हातात ठेवली. "सेठ, इसको पियो," तो म्हणाला. सगळी रांग हसली. मी शिव्या दिल्या, त्या कोणाला कळल्या नाहीत, पण आवाज कळला. दोघातिघांनी मला धरून बाजूला काढलं. धक्काबुक्कीत एक डबा चिरला. त्यानंतर टँकर रिकामा होईपर्यंत कोणी मला जवळ येऊ दिलं नाही.

रिकामा डबा घेऊन वर जायचं धाडस मला झालं नाही. रस्त्यात आडव्या पडलेल्या एका झाडावर मी बसलो. माझ्याजवळ होतं ते सगळं तिथे कुचकामाचं होतं. माझी भाषा कोणाला येत नव्हती, पैशाने काही मिळत नव्हतं आणि माझ्या रागाला कोणी भीत नव्हतं. घासाघीस करायला समोर माणूसच नव्हता. तेव्हा वर्षभराने मी देवाशी बोललो, पण जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की एकीला नेऊन तुझं पोट भरलं नाही का, असं मी त्याला विचारलं. ओठ हलत होते, आणि येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते.

"ए महाराष्ट्र," कोणीतरी म्हणालं. "झगडा हो गया?"

समोर एक काळीसावळी, पन्नाशीची बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, नाकात दोन्हीकडे चमक्या.

"हो गया," मी म्हणालो.

"पानी मिला?"

"नहीं मिला."

"तो झगडा फुकट में किया."

मी म्हणालो, "तेरेकू क्या करना है?"

"मेरे को क्या करना. पाँचवा माला का बच्ची बीमार है, मेरे को मालूम. तुम्हारा बेटी मेरे से मछली लेती."

आमच्या घरात मासळी येते हे मला असं रस्त्यावर कळलं. एरवी त्यावरही एक भांडण झालं असतं. ती कोळ्यांच्या वस्तीतली होती, आमच्या इमारतीखाली बसून मासळी विकायची. सगळे तिला अक्का म्हणत. तिने माझ्या हातातला चिरलेला डबा घेऊन फेकून दिला, दुसरा ठेवला आणि "आव" म्हणून चालायला लागली. मी मागे गेलो. का गेलो, कुठे नेते आहे, मी विचारलं नाही. असं मी आयुष्यात प्रथमच केलं असेल.

टेकडीच्या पायथ्याशी तिची वस्ती होती. बहुतेक घरांवर छप्पर नव्हतं. माणसं उघड्या भिंतींच्या आत चुली पेटवून बसली होती. मध्ये एक हातपंप होता, त्याला विजेची गरज नाही आणि त्याचं पाणी गोडं. तिथेही रांग होती. माझा हात सवयीने खिशाकडे गेला, तशी ती म्हणाली, "अंदर रखो. इधर लाइन में खडा रहने का, बस." मी उभा राहिलो. ती घरात जाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन घागरी होत्या आणि खांद्यावर एक बांबू, दोन्ही टोकांना दोरीची शिंकाळी लावलेला.

"कावडी," ती म्हणाली. "आता है उठाने को?"

आता इथे मला थांबून सांगावं लागेल. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणून राजेश्वराला वाहतात. अनवाणी, रस्ताभर नाव घेत. बायकोच्या आजारात मी देवाशी जे ठरवलं होतं ते हेच होतं, की मी कावड सोडणार नाही, तू हिला सोडू नकोस. ती गेली आणि मी कावडीचा बांबू अंगणात मोडून चुलीत घातला. पुन्हा हे लाकूड खांद्यावर घेणार नाही, असं चारचौघांत बोललो होतो. आणि परक्या मुलखात, जिथे मला कोणी ओळखत नाही, एक मासळीवाली तीच वस्तू माझ्यापुढे धरून विचारत होती, येते का म्हणून. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी जे झालं ते सांगतो. मी खांदा पुढे केला.

कावड उचलली की वाटेत जमिनीवर टेकवायची नाही, हे अंगात मुरलेलं असतं. त्या मोडलेल्या फांद्यांमधून, काचांमधून मी ती इमारतीपर्यंत आणली आणि जिना चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं, त्यांचा मुलगा परदेशात. आजोबा दारात तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी तो पुढे केला. माझ्या मनात आलं, माझ्या पोरीचं पाणी आहे हे. पण कावड खांद्यावर असताना मागणाऱ्याला नाही म्हणवेना. मी वाकलो, त्यांनी तांब्या बुडवून घेतला.

त्या दिवशी मी किती खेपा केल्या ते मोजलं नाही. पाणी उकळलं, भांडी उकळली, वाटी-चमच्याने दूध पाजलं. पोर अर्धं ओकलं. टाळू खोल गेली होती, रडणं मांजरीच्या पिलाएवढं झालं होतं. स्नेहल भिंतीला टेकून म्हणाली, "बाबा, देवाले काही तरी म्हना न." मी म्हणालो, "मी नाही म्हनत." ती रागावली. "काहून नाही म्हनत? तुमचं भांडन आहे, तिनं काय केलं त्याचं?"  मी कावड घेऊन पुन्हा खाली गेलो.

मी खरंच काही मागितलं नाही. भक्ती म्हणून नव्हे. मागून काय मिळतं ते मी पाहिलं होतं, आणि द्यायला माझ्याजवळ काही उरलंही नव्हतं. मी फक्त पाणी वाहत होतो. खांद्याचं कातडं सोललं होतं. चढता चढता केव्हा तरी कानावर 'हर बोला महादेव' आलं. बराच वेळ मला वाटलं, कोणी तरी मागून येत आहे. जिन्यात दुसरं कोणीच नव्हतं. तो आवाज माझाच होता. एरवी प्रत्येक नावामागे माझी एक अट असायची. या वेळी नाव नुसतंच येत होतं. मी जिन्याच्या वळणावर भिंतीला खांदा लावून रडलो, कावड खाली न टेकवता.

घागर आत नेली तेव्हा स्नेहल गुडघ्यावर बसलेली होती. तिने माझा हात धरून पोराच्या खाली नेला. दुपटं गरम आणि ओलं होतं.

मग पोर हळूहळू सावरलं. दिवे आले, लिफ्ट सुरू झाली. मी बांबू आणि घागरी परत द्यायला गेलो. अक्का छपराविना घरात भांडी घासत होती, कोपऱ्यात तिची म्हातारी सासू बसली होती. मी म्हणालो, इतके दिवस कावड माझ्याकडे राहिली, तुमचं अडलं असेल. तिने मान हलवली. तो बांबू तिच्या नवऱ्याचा होता. त्यावर तो मासळी वाहायचा. वादळाआधी गेलेल्या होड्यांपैकी बाकीच्या कुठल्या कुठल्या किनाऱ्याला लागल्या होत्या. त्याची लागली नव्हती.

हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस पंपाच्या रांगेत मी तिच्यासमोर माझं रडगाणं गात होतो. मी मनातलं विचारलं, "तुम भगवान से झगडा नहीं करती?"

"करती," ती म्हणाली. "रोज सुबह करती. फिर पानी भरने को जाती."

मी पैसे देऊ केले नाहीत, तेवढी अक्कल तोवर आली होती. तिच्या सासूसाठी दोन घागरी भरून दिल्या आणि निघालो.

माझी नात वाचली, अक्काचा नवरा परतला नाही. याचा मेळ मला लागत नाही आणि तो लावायचा हट्ट मी आता सोडला आहे. माझी बायको का गेली याचंही उत्तर मिळालेलं नाही. जे मिळालं ते माझ्या कुठल्याही शब्दाच्या बदल्यात मिळालेलं नव्हतं, एवढं मला कळलं, आणि त्यासाठी मी ऋणी आहे. सोमवारी राजेश्वराच्या देवळात जातो. मागणं काही नसतं. स्नेहलला फोन करून विचारलेलं असतं, ती म्हणते, अक्का खाली बसते, अजून काही कळलं नाही. तेवढंच मी देवाला सांगतो, की विशाखापट्टणमला एक बाई वाट पाहून राहिली आहे. आणि घरी येतो.