एका तबकडीवरचे अभिप्राय

तबकडी फिरायला लागली की बाबूजी उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे, डोळे मिटायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आतच बजावायचे, "पूर्ण आयक गा. मंग सांग."

बाबूजी म्हणजे गोकुळपेठेतले आमचे शेजारी. एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. बायको लवकर गेली. एकुलत्या मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं, आणि रविवारी सकाळी तिच्यासोबत तबकड्या ऐकणं हाच त्यांच्या घरचा सण होता. बाप भैरवीवर जीव टाकणारा, लेक गिटारीवर. दोघांची भांडणं आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायची. मग ती नर्स झाली, इंग्लंडातल्या इस्पितळात नोकरीला गेली आणि ते घर गप्प झालं.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. तिनं तिकडून एक तबकडी पाठवली. चार पोरांचा कुठलासा बँड, इथे कुणी नावही ऐकलेलं नाही. सोबत चिठ्ठी होती, 'बाबा, कशी वाटली ते खरं खरं कळवा.'

त्यानंतर दर रविवारी बाबूजींकडे कुणी ना कुणी ऐकायला बसलेलं असे. चहा मिळायचा, चिवडा मिळायचा. शेवटी एक वही पुढे यायची. "तोंडानं नको सांगू. लिहून दे."

आता तुम्हीच सांगा, असल्या गाण्यावर आम्ही काय लिहिणार? तबल्याच्या मास्तरांनी लिहिलं, 'सम कुठे आहे हे या पोरांनाच ठाऊक नाही.' इंग्रजीच्या प्राध्यापकांनी प्रांजळपणे लिहिलं, 'शब्द कळले नाहीत.' माझी आई दारातूनच म्हणाली, "हा गाणारा पोरगा उपाशी हाये का जी?" बाबूजींनी तिच्या हातीही वही दिली. मी लिहिलं, 'टिनावर गारा पडल्यासारखं.'

स्वतः बाबूजींनी मात्र कधी मत दिलं नाही. विचारलं की हसायचे.

एका रविवारी मी एकटाच होतो. थंडीचे दिवस, बाबूजी शाल गुंडाळून बसलेले. दुसरं गाणं निम्म्यावर आलं आणि वीज गेली. गाणाऱ्याचा आवाज घोगरा झाला, खाली घसरला, बंद पडला. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता.

बाबूजींची दोन बोटं तशीच वर होती. डोळे मिटलेले. मान हळूहळू हलत होती.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, थांबलेली तबकडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं.

"वर्ष होऊन गेलं. डॉक्टर म्हणते, आता नाही येत परत. यंत्रानंही नाही." सुई उचलत म्हणाले, "तिले काय कळवू? तिले माहीत पडलं तर नोकरी सोडून येईन ते. म्हणून तुमचे कान उसने घेऊन राहिलो गा."

मी वही ओढली आणि लिहिलं, 'तिनं तुमचं मत मागितलंय, आमचं नाही.'

त्यांनी ते वाचलं. वही मिटली. मला वाटलं, रागावले. पण चार दिवसांनी पेटीत टाकायला म्हणून त्यांनी माझ्या हाती परदेशी टपालाचं निळं पाकीट दिलं. "खरं लिहून टाकलं," म्हणाले.

उत्तर यायला महिना लागला. ती काही नोकरी सोडून आली नाही. तिनं अकरा पानं पाठवली. एकेका गाण्याला एकेक पान. कोणतं वाद्य कुठे सुरू होतं, गाणारा कुठे श्वास घेतो, ढोल कुठे दचकवतो, सारं बापाला समजेल अशा भाषेत.

बाबूजी ती पानं घेऊन आमच्याकडे आले. चेहरा विचित्र झाला होता. "हे वाच. पाचवं."

मी वाचलं. 'शेवटी एकेक वाद्य निघून जातं. गिटार एकटीच उरते. तिला थांबायचं असतं, पण घरी कुणी वाट पाहणारं नाही, म्हणून ती वाजत राहते.'

"छान लिहिलंय," मी म्हणालो.

"छान?" बाबूजी इतक्या मोठ्यानं बोलले की आई बाहेर आली. "गिटारीले घर असते का गा?"

मी ते पान पुन्हा वाचलं. ते गाणं आम्ही साऱ्यांनी धड कानांनी ऐकलं होतं. त्यात ती पोरगी आमच्यापैकी एकालाही सापडली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ते पासपोर्टच्या खटपटीला लागले. निवृत्तीला सहा महिने होते, तेवढेही थांबले नाहीत. लेकीनं तिकीट पाठवलं. सीताबर्डीच्या शिंप्यानं मे महिन्याच्या उन्हात त्यांच्या अंगाचं माप घेऊन जाड लोकरीचा कोट शिवला. "बाबूजी, थंडी कुठं पडून राहिली?" त्यानं विचारलं. बाबूजींना ते कळलं नाही. ते आपले हो हो म्हणाले.

ते परत आले नाहीत. तिसऱ्या हिवाळ्यात तिकडेच गेले. लेकीचं पत्र आलं तेव्हा आईनं त्यांच्या बंद दाराशी दिवा लावला.

मला आठवतो तो मुंबईच्या गाडीचा डबा. बाबूजी खिडकीशी बसलेले, कोट मांडीवर. मी काचेशी वाकून काहीबाही सांगत होतो, पण ते समोरच्या अनोळखी बाईंशी बोलण्यात गुंतले होते. ऐकू येत नसल्यानं आपला आवाज केवढा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. गाडी हलली, डबे सरकले, हमाल मागे हटले, तरी साऱ्या फलाटाला ऐकू जात होतं, "पोरीकडं चाललो जी. माही वाट पाहून राहिली ते."