घड्याळाची टिकटिक ऐकू आली पाहिजे

सोलब्रिटनं ठरवलं म्हणजे ठरवलं. जहाजं बांधणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं तिनं नकाशे काढले, आणि बावन्नाव्या वर्षी कंपनीनं तिला घरी बसवलं. पण घरी बसेल ती सोलब्रिट कसली! न बांधलेलं घर आतून-बाहेरून कसं दिसेल, याची चित्रं कॉम्प्युटरवर करायला ती शिकू लागली. परीक्षेसाठी दिलेल्या घराची चित्रं सहा आठवड्यांत पुरी झाली, तर नोकरी जवळजवळ नक्की होती.

घोडं अडलं ते ग्राफिक्स कार्डापाशी, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या चित्रं तयार करणाऱ्या भागापाशी. जुनं कार्ड एका चित्राला चार तास घ्यायचं, आणि तेवढा वेळ त्याचा पंखा नुसता घोंगावायचा. गोथेनबर्गमधलं त्यांचं घर एका खोलीचं. नवरा टागे रात्रपाळीला ट्राम चालवायचा आणि दिवसा त्याच खोलीत झोपायचा. रात्री काम करावं, तर दहानंतर इमारतीत आवाज बंद. वरच्या बाईंची चिठ्ठी दोनदा दाराला लागली होती. टागे बिचारा चकार शब्द काढत नव्हता. पण गेल्या मंगळवारी पेंगेत त्याची ट्राम एक थांबा सोडून पुढे गेली. ते ऐकून तिनं नवं कार्ड घ्यायचं ठरवलं.

मग तिनं तक्ता मांडला. तीन हजार क्रोनांच्या आत बसणारी तीन कार्डं; त्यांचा वेग, मेमरी, वीज. ज्याला विचारावं तो वेगाचंच कौतुक सांगे. आवाजाचा रकाना मात्र कोराच राहिला. 'शांत आहे' असं सगळेच म्हणत. किती शांत, ते कुणी सांगेना. शेवटी तिनं टागेचं उशाचं गजराचं घड्याळ पिशवीत टाकलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नंबराची चिठ्ठी घेऊन उभी राहिली.

दुकानदार विगो पोरगेलासा, पण भला. तिन्ही कार्डं पाळीपाळीनं लावून दहा-दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवायची, असं तिनं त्याला सांगितलं. वर रेडिओही बंद करायला लावला. प्रत्येक वेळी घड्याळ शेजारी ठेवून ती कान देऊन ऐके. पहिल्यात टिकटिक पार बुडाली. दुसऱ्यात मधूनमधून आली. मागच्या नंबरवाला गृहस्थ खाकरला. आमच्या गोथेनबर्गमध्ये रांगेत खाकरणं म्हणजे जवळजवळ शिवीच. पण सोलब्रिट हलली नाही.

तिसऱ्याला टिकटिक स्पष्ट आली. त्याची मेमरीही मोठी, अख्खं घर मावेल एवढी.

"पहिल्यापेक्षा हे तीस टक्के हळू आहे," विगो म्हणाला. "नंतर पस्तावाल."

"हळू असू दे. माझ्या नवऱ्याला झोप लागली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी टागे सकाळी येऊन झोपला, तो दुपारी दोनला उठला. किती दिवसांनी असा झोपला होता! उठून बघतो, तर खोलीत घड्याळाखेरीज आवाज नाही. त्याचा चेहरा उतरला.

"अगं, मशीन बंद का?" तो म्हणाला. "माझ्यापायी सोडून दिलंस की काय सगळं?"

सोलब्रिटनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. त्यावर एक स्वयंपाकघर होतं आणि त्याच्या खिडकीतून ऊन येत होतं.

"सकाळपासूनचं हे चौथं चित्र," ती म्हणाली.